वॉल्टर, बे रोडवरून

आमच्या गावात फुटबॉलचा, म्हणजे हाताने चेंडू फेकून खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, खरा ताप चढतो तो खेळ संपल्यावर. सीझन चालू असतो तेव्हा निदान रविवारी टीव्हीसमोर बसून ओरडता येतं, हरलो की सोमवारी शिव्या घालता येतात आणि मंगळवारपासून पुन्हा आशा लावून बसता येतं. जानेवारीत ते सगळं थांबतं. मग उरतं नुसतं बोलणं. कुणाला ठेवायचं, कुणाला हाकलायचं, कुणाला किती द्यायचे. केस कापायला बसलेला माणूस मान वळवून भांडतो आणि कानाला कात्री लावून घेतो. कोट्यवधी डॉलरच्या करारांवर लोक असे तावातावाने बोलतात, जणू ते यांच्याच गॅसच्या बिलातून जाणार आहेत. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार, आणि शेळ्या तिकडे फ्लोरिडात सुट्टीवर.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे ऐकते आहे, आणि बरंचसं हसून सोडून देते. यंदा मात्र हसू येईना. ज्या शेळीबद्दल बोलणं चाललं होतं ती माझ्या पोटची होती.

नोलन, आमचा एकुलता एक. गावच्याच टीमचा राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. म्हणजे मुख्य क्वार्टरबॅक डेव्हलिन धडधाकट आहे तोवर नोलनने डोक्यावर टोपी घालून कडेला उभं राहायचं आणि त्याच्या नावाने टाळ्या वाजवायच्या. पाच वर्षं पोरगं असं उभं राहिलं आणि गावाचं लाडकं झालं. न खेळणाऱ्या क्वार्टरबॅकइतकं लाडकं आमच्याकडे कुणीच नसतं, कारण त्याच्या हातून अजून काही चुकलेलं नसतं. मग डिसेंबरात डेव्हलिनचा गुडघा गेला आणि शेवटचे सामने नोलनच्या गळ्यात पडले. एक हरला, एक जिंकला. आणि जो जिंकला असता तर आम्ही पुढच्या फेरीत गेलो असतो त्या शेवटच्या सामन्यात, अगदी अखेरच्या मिनिटाला, त्याने फेकलेला चेंडू सरळ समोरच्या टीमच्या माणसाच्या छातीवर गेला. त्या माणसाला हातसुद्धा लांब करावे लागले नाहीत.

त्याचा करार मार्चमध्ये संपत होता. गावात तट पडले. एक म्हणे पोर आपलं आहे, ठेवा. दुसरा म्हणे आपलं आहे म्हणून काय डोक्यावर घ्यायचं, कॉलेजातली नवी पोरं निवडतात त्या ड्राफ्टमध्ये एखादा तरुण उचला. तिसरा म्हणे सगळे पैसे डेव्हलिनच्या मोडक्या गुडघ्यात घातल्यावर राखीव माणूस काय चिंचोक्यांवर आणणार. किराणा दुकानात मला पाहिलं की बोलणं बंद व्हायचं आणि सगळे एकदम कांद्यांचे भाव वाचायला लागायचे.

शेवटी गुरुवारी टीमकडून निरोप आला. एक वर्षाचा करार, कमीत कमी जे देता येतं तेवढं मानधन. उत्तर शुक्रवारी पाचच्या आत, नाहीतर आम्ही दुसरा माणूस घेतो. तिकडे नेब्रास्कातलं एक कॉलेज कधीपासून नोलनच्या मागे लागलं होतं, आमच्या पोरांना चेंडू फेकायला शिकवायला ये म्हणून. म्हणजे निवड सरळ होती. इथे आणखी एक वर्ष टोपी घालून उभं राहायचं, किंवा खेळाडू म्हणून संपायचं आणि शिकवायला लागायचं. मला विचाराल तर मला करारच हवा होता. इथे असला की रविवारी रात्री जेवायला येतो, माझ्या फ्रिजमधलं सगळं फस्त करतो. नेब्रास्कातून काय नाताळला कार्ड पाठवणार? पण मला कुणी विचारलं नाही, आणि नोलन काही बोलेना.

आणि एमिल तर बोलणारच नव्हता. हे सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते खरं वाटणार नाही. माझा नवरा एमिल ह्रुश्का हा एके काळी या गावातला सगळ्यात बोलका माणूस होता. तलावाकाठच्या गोदीत क्रेन चालवायची, बोटींतून खनिज उपसायचं, आणि दुपारची पाळी सुटली की सरळ फोन उचलून रेडिओवर डचच्या कार्यक्रमात. डच म्हणजे आमच्याकडचा रेडिओवाला, टीमबद्दल रोज दुपारी लोकांचे फोन घेतो. 'एमिल, ईस्ट साइडवरून' म्हटलं की लोक गाडी कडेला घेऊन ऐकायचे. आवाज घोगरा, घशात खडी अडकल्यासारखा. भिडस्तपणा औषधालासुद्धा नाही. हरल्यावर वाऱ्याला दोष देणाऱ्या एका प्रशिक्षकाला त्याने रेडिओवर असा धुतला होता की ते वाक्य लोकांनी शर्टांवर छापून घेतलं. वारा काय एकाच टीमवर वाहतो का, एवढंच ते वाक्य.

मग टीमने नोलनला घेतलं. त्या दुपारी एमिलने डचला शेवटचा फोन केला. म्हणाला, आजपासून माझा मुलगा तिथे आहे. खरं बोललो तर बाप नाही, खोटं बोललो तर एमिल नाही. तेव्हा रामराम. आणि त्याने तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. घरातसुद्धा एक अक्षर नाही. नोलन जेवायला यायचा, हे दोघं बर्फ किती पडलं, ट्रकचं तेल कधी बदललं, असल्या गप्पा मारायचे आणि मी मध्ये बटाटे वाढायचे.

हा मार्च तर त्याला गिळता येईना आणि थुंकता येईना. पन्हाळी साफ करायला शिडीवर चढला, पन्हाळीत अजून बर्फ. नोलनच्या ट्रकचं तेल एकाच आठवड्यात दोनदा बदललं. फोन वाजला की दोघंही धावायचो, आणि पलीकडे कुणीतरी खिडक्या विकणारं. मी म्हटलं, अरे बाबा, एक तर त्याच्याशी बोल, नाहीतर खुर्चीत बस. तो म्हणाला, त्याने विचारलं तर बोलेन. मेली ही पुरुषांची जात. बापाने वाट बघायची मुलगा विचारेल म्हणून, मुलाने वाट बघायची बाप सांगेल म्हणून, आणि आईचा जीव टांगणीला.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचे होते. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी आमच्याकडे तेच असतं. मांस चालत नाही, मासा चालतो, म्हणून सगळं गाव हॉलमध्ये तळलेला मासा आणि पिरोगी खायला येतं. पिरोग्या माझ्याकडे, बटाटा आणि चीज भरून कडा चिमटीने दाबायच्या. मासा एमिलकडे. शर्ली स्कूल बस चालवते, ती कोबी चिरायला. आणि ओटिस, निवृत्त पोस्टमन. तो आमच्या चर्चचाही नाही, पण मासे खायला म्हणून यायला लागला आणि आता ताटं तोच मांडतो.

दुपारी तीनपासून शर्ली आणि ओटिसची जुंपली होती. शर्लीचं म्हणणं, डेव्हलिनला एवढे पैसे देणं म्हणजे गळक्या बोटीला नवा रंग द्यायचा. ओटिसचं म्हणणं, बोट गळकी असली तरी तिच्याशिवाय पाण्यात जाणार कशी. मग बोलणं राखीव माणसाकडे वळलं आणि तेवढ्यात एमिल माशांची परात घेऊन आत आला. शर्ली कोबीकडे अशी बघायला लागली, जणू जन्मात कोबी पाहिला नव्हता. एमिलने परात ठेवली, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ओटिसकडे. म्हणाला, तेल कमी पडेल, घेऊन येतो. आणि गेला. तेलाचे दोन भरलेले डबे त्याच्या पायाशीच होते.

ओटिसने शांतता नको म्हणून रेडिओ लावला. डच बोलत होता, पाचच्या आत नोलन ह्रुश्काचं ठरणार, तुम्हाला काय वाटतं, फोन करा. आणि पुढचा फोन कोण, तर वॉल्टर, बे रोडवरून.

पहिला शब्द ऐकला आणि माझ्या हातातली पिरोगी खाली पडली. आवाज बारीक केला होता, नाकातून काढला होता, पण घशातली खडी कुठे जाणार? मी खिडकीतून पाहिलं. बाहेर पार्किंगमध्ये एमिलचा ट्रक उभा, आत एमिल, कानाला फोन. त्याचे ओठ आधी हलत होते आणि शब्द आमच्या रेडिओवर जरा उशिराने येत होते. तोंड मिटलेलं दिसायचं तेव्हा इथे तो बोलत असायचा.

वॉल्टर सांगत होता की पोरगं गुणी आहे. टीममधल्या सगळ्यांचा त्याच्यावर जीव आहे. त्याला आणखी एक वर्ष मिळायला हवं. त्या शेवटच्या चेंडूचं म्हणाल तर तो फेकला बरोबरच होता, तलावावरून वारा आला आणि वळला, त्याला तो काय करणार.

शर्लीचा हात रेडिओ बंद करायला पुढे झाला. ओटिसने तो धरला आणि मान हलवली. डच हा असा माणूस की बिशपलासुद्धा वाक्याच्या मध्ये तोडेल. त्याने वॉल्टरला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग जरा थांबून म्हणाला, आभारी आहे, वॉल्टर, घरी सगळ्यांना नमस्कार सांगा. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. मला रडू आलं आणि रागही आला. बाप म्हणून वेड लागलंय खरं, पण सगळ्या गावाला तोंडपाठ असलेला आवाज नाक दाबून लपवायचा असतो का रे बाबा?

तेल आणायला गेलेला माणूस हात हलवत परत आला आणि कढईपाशी उभा राहिला. आम्ही सगळे मूग गिळून कामाला लागलो. आणि समोरच्या दारातून नोलन आत आला. सरावाच्या मैदानावरून सरळ आला होता. त्याच्या ट्रकमध्ये डचशिवाय दुसरं काही लागत नाही, हे मला माहीत होतं.

तो माझ्या गालाला गाल लावून थेट कढईपाशी गेला.

"पप्पा, बे रोडचा वॉल्टर कोण?"

एमिल माशाकडे बघत होता. "कोण वॉल्टर?"

"आत्ता रेडिओवर होता. म्हणत होता, चेंडू वाऱ्याने वळला."

"असेल. तलावावरून वारा येतोच."

"त्या दिवशी मैदानावरचे झेंडे खाली लोंबत होते, पप्पा. पान हलत नव्हतं."

एमिलने मासा उलटला. उलटायची गरज नव्हती.

नोलनचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या ना, तर मी आज सही केली असती. म्हटलं असतं, म्हातारा पेटलाय, याला दाखवतोच. पण तुम्ही वारा म्हणालात. तुम्ही. गाडी कडेला घेऊन बसलो मी. माझा बाप माझ्यासाठी वाऱ्यावर आला म्हणजे माझं संपलं, हे मला तिथेच कळलं."

"मी तुझ्यासाठीच..."

"ते माहीत आहे मला. आता खरं सांगा. समजा, मी ह्रुश्का नाही, दक्षिणेकडून आलेला कुणीतरी आहे, आणि तुम्ही ईस्ट साइडवरून बोलताय."

मी मध्ये पडले. म्हटलं, एमिल, तोंड उघडशील तर याद राख. पाचला पाव तास आहे, पोराला सही करू दे, मग आयुष्यभर काय ते बोला. पण दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. एमिलने गॅस बारीक केला, हात पुसले, आणि खाकरला. तो खाकरला तेव्हा ओटिसच्या हातातलं ताट जागच्या जागी थांबलं.

"दुसऱ्या वर्षी सरावात तुझ्या बरगड्या मोडल्या, तेव्हापासून तू माणसं बघतोस," एमिल म्हणाला. "जिकडे फेकायचं तिकडे बघायला हवं. तू तुला पाडायला येणाऱ्याकडे बघतोस. तो लांब असतानाच चेंडू सोडून देतोस. जिंकलास त्या सामन्यातही तेच केलंस, फक्त नशीब बरं होतं. हात चांगला आहे तुझा, माझ्या पाहण्यातल्या चांगल्यांपैकी आहे. पण भीती बसली की बसली. डचने विचारलं असतं तर म्हणालो असतो, पोराला सोडून द्या."

दात उपटल्यावर माणूस जिभेने रिकामी जागा चाचपतो ना, तसा नोलन एक हात बरगड्यांवर ठेवून उभा होता.

"मला वाटायचं तुम्हाला दिसलं नाही," तो म्हणाला.

"मला? मला दिसणार नाही?"

"मग एवढी वर्षं का नाही बोललात?"

"तू विचारलं नाहीस."

"रेडिओवाले तरी कधी विचारायचे, पप्पा? तिथे फोन तुम्हीच करायचात."

एमिल कढईची कड धरून उभा राहिला. कड गरम असणार, पण त्याचा हात हलला नाही. शेवटी मीच तो ओढून बाजूला केला.

तेवढ्यात नोलनच्या खिशात फोन वाजला. त्याचा एजंट. नोलन मागच्या दाराने बाहेर गेला, जॅकेटही न घालता. मी खिडकीपाशी. तो कचऱ्याच्या पिंपांजवळ येरझाऱ्या घालत होता, ऐकत होता, मान हलवत होता. एकदा थांबून त्याने तलावाच्या दिशेने पाहिलं, तिथून स्टेडियमचे दिवे दिसतात. मी मनात म्हणत होते, हो म्हण, राजा, हो म्हण, भीती वाटते तर वाटू दे, टोपी घालून कडेला उभा राहा, पण इथे राहा. मग त्याचे ओठ हलले. फार बोलला नाही. फोन खिशात घातला आणि थंडीत तसाच थोडा वेळ उभा राहिला.

आत आल्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मला कळलं.

"नाही म्हणालो, आई. सोमवारी नेब्रास्काला फोन करतो."

मी कुशीत घ्यायला गेले तर पोर केवढं, माझं डोकं त्याच्या छातीला लागतं. शर्ली कोबीवर वाकून डोळे पुसत होती. ओटिस म्हणाला, पोरा, तू आमच्यासाठी उभा राहिलास ते आम्ही विसरणार नाही. असं काहीतरी म्हणायचं असतं म्हणून तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पाहुणे यायला लागले होते. एमिलने पुन्हा गॅस मोठा केला, मासे सोडले, आणि पाठ आमच्याकडे करून उभा राहिला. मला वाटलं, झालं, आता हा पुन्हा पाच वर्षं गप्प.

मग पाठ तशीच ठेवून त्याने विचारलं, "तुझ्या जागी कोण?"

"ह्यू स्कॅनलन."

झारा हवेत थांबला. एमिल वळला.

"स्कॅनलन? दोन टीमनी हाकललेला तो स्कॅनलन?"

"तोच. आत्ता एजंटने सांगितलं."

"तो तर तुझ्याहून वाईट आहे," एमिल म्हणाला. "डोकं फिरलंय का यांचं? त्याच्या हातात दम नाही, पाय म्हणजे ओंडके, आणि समोर तीन माणसं दिसली की त्याला चौथा आठवत नाही. याच्यापेक्षा आमचा नोलन शंभरपट बरा होता की. ठेवायचं ना त्याला! यांना क्वार्टरबॅकमधलं काही कळतं का?"

मी त्याचा चेहरा बघत होते. इतक्या वर्षांत मी तो चेहरा पुस्तकासारखा वाचायला शिकले आहे. त्यात माया नव्हती, पोराची समजूत घालणं नव्हतं. निव्वळ राग होता, टीमवरचा, जुना, ईस्ट साइडवरून फोन करणाऱ्या एमिलचा. तो बाप म्हणून बोलत नव्हता. हातातल्या झाऱ्यातून तेल बुटांवर ठिबकत होतं आणि त्याचं लक्षच नव्हतं, तो ओटिसला स्कॅनलनचा एकेक फेकलेला चेंडू सांगत सुटला होता.

नोलनलाही ते कळलं, की ज्याच्या खऱ्या बोलण्यावर त्याने नाही म्हटलं तोच आता तितकंच खरं सांगतोय, ठेवायला हवं होतं. तो दाराशी उभा राहून ऐकत होता, भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते, आणि फोन त्याने खिशातून काढून हातात धरला होता.